फोनची वाट पाहणाऱ्या घरांसाठी

हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागलेले, ‘हृदय मिळालंय, या’ या फोनची वाट पाहणारे रुग्ण आणि त्यांच्या घरचे, यांच्याशी बोलणं हे समुपदेशक म्हणून माझं रोजचं काम. मे महिन्यात प्रश्न जरा जास्तच येतात. नागपूरच्या उन्हानं माणूस आधीच वैतागलेला असतो, त्यात हे. या वेळी पाच प्रश्न घेते.

प्रश्न : यादीत नाव लागून आठ महिने झाले. फोन आंघोळीला जातानाही सोबत नेतो. बँकेचा मेसेज आला तरी छातीत धस्स होतं. रात्री झोपच नाही येऊन राहिली. आपला नंबर कितवा, हे दर आठवड्याला विचारतो, पण कोणी नीट सांगत नाही. (वय ५२, मानेवाडा)

आधी नंबराचं बोलू. ही यादी बँकेतल्या टोकनसारखी पुढे सरकत नाही. रक्तगट, दात्याची आणि तुमची अंगकाठी, तुमची तब्येत किती नाजूक आहे, हृदय किती वेळात पोहोचेल, हे सगळं बघावं लागतं. शरीराबाहेर हृदय साधारण ४ तासच टिकतं. मूत्रपिंडाला मिळते तेवढी सवड त्याला मिळत नाही. नागपुरातून हृदयं विमानानं मुंबईला, चेन्नईला गेली आहेत ती याच घाईत. म्हणून कधी मागचा आधी जातो, आणि त्यात वशिला नसतो. विदर्भात हे वाटप नागपूरच्या विभागीय समितीमार्फत, म्हणजे झेडटीसीसीमार्फत चालतं. रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकांना ‘कितवा’ विचारणं सोडा. महिन्यातून एकदा एवढंच विचारा : माझ्या तपासण्यांपैकी कुठली जुनी झाली आहे का? गावाला जाणार असाल किंवा ताप आला असेल, तर तेही त्यांना कळवा.

आता फोन. समन्वयकांकडे घरातले तीन नंबर देऊन ठेवा. त्यांच्या नंबराला घरात कुणाचीच नसेल अशी रिंगटोन लावा आणि बाकी मेसेजचे आवाज बंद करा. मग बँकेची काय बिशाद तुम्हाला दचकवायची! रात्रीचा फोन घरच्यांनी पाळीपाळीनं सांभाळावा. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांनी तो मुलाच्या उशाशी ठेवला, तेव्हा कित्येक आठवड्यांनी ते सलग पाच तास झोपले.

मात्र आडवं झाल्यावर धाप लागत असेल, दोन-तीन उशा घ्याव्या लागत असतील, तर दोष काळजीला देऊ नका. फुप्फुसात पाणी साचत असू शकतं. ते आधी हृदयरोगतज्ज्ञांना सांगा, मला नंतर.

प्रश्न : वर्धा रोडवर ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकला की मनात येतं, यातलं कुणी माझ्या कामी येईल का? मग स्वतःचीच इतकी लाज वाटते की टेकडीच्या गणपतीला जाणंही सोडलंय. (शिक्षिका, वय ३९)

ताई, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा यादीतला माणूस विरळाच. बहुतेक जण तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत, घरच्यांना बाहेर बसवून, खाली बघत सांगतात. तुम्ही पहिल्याच पत्रात लिहिलंत.

मनात येणं वेगळं आणि मागणं वेगळं. जगण्यासाठी धडपडणारं मन दिसेल त्या फटीतून डोकावतं, म्हणून काही ते कुणाचं वाईट करत नाही. त्या गाडीतल्या माणसाला वाचवायलाच डॉक्टर धावत असतात. ते प्रयत्न हरले आणि मेंदूमृत्यूची, म्हणजे मेंदू कायमचा थांबल्याची, शंका आली, तर १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ तपासणी करतं. तीही दोनदा, निदान ६ तासांच्या अंतरानं. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. तुमचं नाव तिथं कुणाच्या गावीही नसतं.

मग घरच्यांना विचारलं जातं. ते नाही म्हणू शकतात, पुष्कळ जण म्हणतातही. जे हो म्हणतात ते आयसीयूबाहेरच्या बाकावर, दोन रात्रींच्या जागरणानंतर, आपल्या माणसाचा हात अजून गरम असताना म्हणतात. तुम्ही थांबला आहात ते त्या होकारासाठी. त्याचं ओझं वाटतं, हे मला ठीकच वाटतं. ‘असं मनात आणू नका’ हे मी कुणालाही सांगत नाही. सांगून कुणाचं मन थांबलंय?

एक करून बघा. सायरन ऐकू आला की हळूच म्हणा, ‘हा माणूस धडधाकट घरी जावो.’ पहिले काही दिवस ते खोटं वाटेल. माझ्या काही रुग्णांनी स्वतः नेत्रदानाचा अर्ज भरला. हृदय कमजोर असलं म्हणून डोळे देता येत नाहीत असं नाही, आणि आपणही देणाऱ्यांत आहोत याचा त्यांना मोठा आधार वाटला. टेकडीला जा. पायऱ्या तेवढ्या बेतानं चढा.

प्रश्न : बाबांना दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय आणि बाहेर ४५ अंश. ते लपून माठातलं पितात, पकडलं की चिडतात. रोज भांडण. (मुलगा, नंदनवन)

तुम्ही पहारेकरी आणि बाबा चोर, असं होऊन बसलंय. या उन्हात दीड लिटर म्हणजे हाल आहेत, हे आधी त्यांच्यासमोर कबूल करा. मग सकाळी पाणी मोजून बाटलीत भरा आणि बाटली त्यांच्या ताब्यात द्या. केव्हा किती प्यायचं ते त्यांनी ठरवायचं. आजारानं त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतलंय, एवढं तरी परत मिळू दे. चहा, ताक, टरबूज यांचा हिशेबही त्याच दीड लिटरात. बर्फाचा छोटा खडा चघळला की थोडक्यात भागतं. तहानेचं मूळ मिठात असतं, त्यामुळे पापड, लोणचं, पोह्यांवरची तर्री आणि सावजी रस्सा यांना बाबांसोबत घरातल्या सगळ्यांनीच रजा द्यावी. त्यांच्यासमोर बसून तुम्ही रस्सा ओरपणार असाल तर भांडण मिटायचं नाही. अंग थंड ठेवायला कूलर आणि ओला पंचा आहेच.

सकाळी लघवी करून आल्यावर रोज वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकतं, डॉक्टरांना फोन. उलट वजन घटलं, उभं राहताना चक्कर आली, लघवी कमी झाली, तरी फोन. उन्हाळ्यात लघवीच्या गोळ्यांचा डोस कधी बदलावा लागतो, पण तो डॉक्टरांनी.

प्रश्न : रात्री अडीचला फोन आला. बॅग घेऊन पोहोचलो. पहाटे सांगितलं, हृदय योग्य नाही, घरी जा. तेव्हापासून हे बोलतच नाहीत. (पत्नी, महाल)

हृदय प्रत्यक्ष पाहिल्यावर डॉक्टर कधी कधी ते नाकारतात. खराब हृदय छातीत बसवण्यापेक्षा ते बरं. पण हे त्यांना आत्ता सांगायला जाऊ नका. घरात कुणी गेल्यावर होतं तसं त्यांचं झालंय. ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना दारातूनच परत पाठवा. बॅग सध्या नजरेआड ठेवा, फक्त कागदपत्रं तिच्यातच राहू द्या.

दोन आठवडे उलटूनही जेवण, झोप, बोलणं जागेवर आलं नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. औषधं चुकवू लागले किंवा ‘मेलेलं बरं’ म्हणाले, तर त्याच दिवशी. कमजोर हृदयाला चालणारी सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची औषधं आहेत, पण काही जुनी औषधं ठोक्यांची लय बिघडवतात, म्हणून दोन्ही डॉक्टरांचं आपसात बोलणं व्हायला हवं. शेजाऱ्यांच्या झोपेच्या गोळ्या नकोत. ज्येष्ठमधाचा काढाही नको, त्यानं पोटॅशियम उतरतं. आणि तुम्हाला स्वतःला बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.

प्रश्न : दुसऱ्याचं हृदय बसवल्यावर स्वभाव बदलतो का? सासूबाई विचारतात, पोराची माया राहील ना? (सून, प्रतापनगर)

राहील, सासूबाईंना खुशाल सांगा. माया मेंदूत असते. शस्त्रक्रियेत हृदयाला जाणारे मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे नवं हृदय बराच काळ आपल्याच लयीत चालतं. बसल्या जागीही मिनिटाला ९० ते ११० ठोके पडतात, आणि जिना चढताना वेग वाढायला काही मिनिटं लागतात. म्हणजे भीती वाटेल, पण छाती लगेच धडधडणार नाही. रुग्णांना सुरुवातीला याचं फार नवल वाटतं. पहिल्या काही महिन्यांत, शरीरानं नवं हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडमुळे चिडचिड होते, भूकही खवळते. तेव्हा ‘आमचा असा नव्हता’ म्हणून त्या बिचाऱ्या दात्याला बोल लावू नका, गोळीला लावा.