परसबागेतील माती परीक्षण व कंपोस्टची निवड

प्रश्न : मुलुंड येथील आमच्या सोसायटीच्या मागील मोकळ्या जागेत आम्ही मेथी, मिरची व टोमॅटो लावतो. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. दोनदा कंपोस्ट घालूनही सुधारणा नाही. काय करावे?

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे लोहाच्या कमतरतेची आहेत. तथापि जमिनीत लोह नाहीच, असा त्याचा अर्थ होत नाही. इमारतींच्या दुरुस्तीचे डेब्रिज ज्या जागेत वर्षानुवर्षे पडत आले, तेथे सिमेंट व चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) वाढतो आणि असलेले लोहही मुळांना घेता येत नाही. आपल्या जागेबाबत मला हीच शंका प्रथम येते. त्यामुळे आणखी कंपोस्ट घालण्याआधी माती तपासून घ्यावी.

नमुन्यासाठी पालापाचोळा बाजूला सारून पाच-सहा ठिकाणी 15 ते 20 सेंमी खोल, इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घ्यावेत व खड्ड्याच्या कडेची वरपासून तळापर्यंतची माती खुरप्याने तासून घमेल्यात गोळा करावी. ती सावलीत वाळवून, ढीग पसरून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत हे पुन्हा करावे. खत घातल्यावर लगेच नमुना घेऊ नये; रासायनिक खताची रिकामी पिशवी तर मुळीच वापरू नये. सामू, क्षारता (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पदार्थांतील कार्बन) यांबरोबर लोह व जस्त तपासण्यास सांगावे. जुन्या भिंतींचा खरवडलेला रंग तेथे पडला असल्यास शिशाची (लेड) तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी व अहवाल येईपर्यंत पालेभाज्या कुंड्यांतच घ्याव्यात.

भाजीपाल्यास 6.5 ते 7.5 सामू मानवतो. तो 8 च्या वर आढळल्यास डेब्रिज वेचून वरची फूटभर माती बदलणे हाच टिकाऊ उपाय आहे. नर्सरीतील कोकणची लाल माती बहुधा आम्लधर्मी असते, म्हणून तिचाही सामू पाहूनच ती भरावी.

कंपोस्ट घेताना पोत्यावरील मजकूर वाचावा. खत नियंत्रण आदेश, 1985 नुसार शहरी कंपोस्टमध्ये (शहरातील कचऱ्यापासून केलेल्या खतात) किमान 12 टक्के सेंद्रिय कर्ब असावा आणि कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर 20 पेक्षा कमी असावे. मूठभर कंपोस्ट ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवावे. उघडताच आंबट किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर ते कच्चे आहे. शंका उरल्यास एका कुंडीत निम्मे कंपोस्ट व निम्मी माती, तर दुसरीत केवळ तीच माती भरून दोन्हींत मेथी पेरावी. पहिल्या कुंडीत उगवण कमी झाली किंवा रोपांची टोके करपली, तर ते पोते आणखी महिनाभर कुजू द्यावे.