चार शेगड्या विकून एक पेलेट कुकर घ्यावा का?

ताई, अलिबागजवळच्या नागावहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. दोन खोल्यांचा होमस्टे. मिस्टरांनी २०१६ पासून हौसेने पाच शेगड्या जमवल्या: झाकणाची गोल कोळशाची, तीन बर्नरची गॅसवरची, एक विजेवरची, गावातल्या वेल्डरने पिंप कापून केलेली आणि मागीलदारी मातीचा तंदूर. आता तंदूर सोडून बाकीच्या चार विकायच्या आणि पेलेट कुकर, म्हणजे भुशाच्या गोळ्यांवर चालणारी यांत्रिक शेगडी, आणायचा, घरपोच १,४०,००० रुपयांना. चारींचे मिळून ४५,००० येतील आणि उरलेले ९५,००० चार लाखांच्या मुदत ठेवीतून काढायचे. मिस्टरांचे गुडघे दुखतात, दोन दोन तास निखाऱ्यांपाशी उभं राहवत नाही, हे खरं कारण तुम्ही अगदी शेवटी, एका ओळीत लिहिलंय.

शेगड्या कमी करा, यात मला काही शंका नाही. पण जी एक ठेवायची ती विकत आणायची गरज नाही. ती तुमच्या अंगणातच आहे.

पेलेट कुकर वाईट नाही. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या पेटीत भरायच्या, मळसूत्री दांडा त्या थोड्या थोड्या पुढे ढकलतो, विजेची कांडी त्या पेटवते, पंखा हवा देतो आणि आच स्वतः सांभाळली जाते. आठ तास मंद धुरावर मांस शिजवायचं तर यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. पण तुमच्याकडे मुंबईहून येणारे पाहुणे काय मागतात? पापलेट, सुरमई, बांगडा, कोंबडी. माशाला पाच-दहा मिनिटांची कडक आच लागते आणि तिथे हे यंत्र निखाऱ्यांपेक्षा कमीच पडतं. थंडीत पोपटी लावता, तिला तर मडकं, भांबुर्डीचा पाला आणि जाळ एवढंच लागतं. एका यंत्राने सगळं होईल हे बरोबर, पण त्या ‘सगळ्या’तलं तुमच्या ताटात किती येतं ते आधी मोजा.

आता वर्षाचा हिशेब, तुम्ही दिलेल्याच भावांनी. विक्रेत्याने गोळ्या वाहतुकीसह १५० रुपये किलो सांगितल्यात. तासाला साधारण किलोभर लागतात, मोठ्या आचेवर जास्त. चार तासांची संध्याकाळ म्हणजे चार-पाच किलो, ६०० ते ७५० रुपये. आज तुम्ही ५० रुपये किलोचा कोळसा तीन किलो वापरता, म्हणजे १५०. वर्षाला ४० संध्याकाळी धरल्या तर फरक १८,००० ते २४,००० रुपये. हा पैसा खरेदीच्या दिवशी दिसत नाही, म्हणून लोक तो धरत नाहीत. हे यंत्र निघालं १९८० च्या दशकात, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात. लाकूड-गिरण्यांचा भुसा जिथे ढिगाने पडतो तिथे त्याचं गणित बसतं. तुमच्याकडे ढीग पडतो तो करवंट्यांचा. कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोळ्या मात्र चुकूनही वापरू नका. त्यात काय दळलंय याची हमी नसते आणि त्या धुरात पाहुण्यांचं जेवण शिजणार असतं.

दुसरी गोष्ट हवेची. या गोळ्या ओल धरल्या की फुगतात, त्यांचा पुन्हा भुसा होतो आणि तो दांड्यात दगडासारखा बसतो. हवाबंद डब्यात ठेवून, दर वेळी पेटी रिकामी करून हे टाळता येतं. पण अलिबागच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात आणि वर्षभराच्या खाऱ्या वाऱ्यात ही शिस्त रोज पाळावी लागेल. शिवाय यात मोटर, पंखा आणि सर्किट आहे. वीज फार खात नाही, पेटताना साधारण ३०० वॅट आणि नंतर त्याहून खूपच कमी, त्यामुळे इन्व्हर्टरवर चालेल. इन्व्हर्टर नसताना मध्येच वीज गेली तर मात्र पंखा थांबतो आणि आग मागे गोळ्यांच्या पेटीकडे सरकू शकते.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आहे त्या चार लाखांची. तुम्हीच लिहिलंय की ३ जून २०२० ला निसर्ग वादळात छपराचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती आणि त्या वर्षी पाच महिने एकही पाहुणा आला नाही. ताई, ती ठेव म्हणजे तुमचं छप्पर आहे. त्यातले ९५,००० काढले की पुढच्या वादळात तितके पत्रे कमी. मुदतीआधी मोडल्याबद्दल बहुतेक बँका व्याजही कापतात. २०१६ पासून शेगड्यांवर गेलेले सव्वा लाख आता विसरा. ते वसूल करायला म्हणून पुढचा निर्णय घेऊ नका.

मी असं करीन. गॅसची, विजेची आणि पिंपाची, या तिन्ही आत्ताच, पाऊस लागायच्या आधी विकीन. डिसेंबरात गिऱ्हाईक जास्त मिळेल हे खरं, पण एका पावसाळ्यात चढणारा गंज त्या वाढीव भावापेक्षा जास्त खाईल. तुम्हाला सांगितलेल्या भावाने तिघींचे ३२,००० येतात. तंदूर जागचा हलत नाही, आहे तसा राहू दे. झाकणाची गोल शेगडी ठेवा. निखारे एका बाजूला लोटून झाकण लावलं की तीच मंद आचेवर भाजते, उघडी ठेवली की कडक. तिला वेल्डरकडून कमरेएवढा स्टँड करून घ्या आणि आवाज देणारा, सुईचा थर्मामीटर आणा. कोंबडी आतून ७४ अंशांवर गेली की तो वाजेल. तोवर मिस्टरांनी खुर्चीत बसावं, पाहुण्यांशी गप्पा माराव्यात. स्टँड, थर्मामीटर आणि चांगलं आच्छादन मिळून सहा हजार धरा. गुडघ्यांचा प्रश्न आधी सुटला पाहिजे आणि तो एवढ्यात बराचसा सुटेल.

उरलेले २६,००० वेगळ्या खात्यात ठेवा आणि बार्बेक्यूच्या प्रत्येक संध्याकाळच्या कमाईतले ३०० रुपये त्यात टाका. वर्षाचे १२,००० होतील, तीन वर्षांत खात्यात ६२,००० आणि वर व्याज. मिस्टरांना हे ‘नको’ म्हणून सांगू नका. त्यांच्या हौसेनेच तुमच्या होमस्टेला चव आली, पाहुणे परत येतात ते त्यासाठीच. त्यांना सांगा की हे खातं त्यांचं आहे. तीन वर्षांनीही पेलेट कुकर मनात असेल तर तो याच पैशात भर घालून बघू, आणि त्याआधी ज्याच्याकडे असा कुकर आहे त्याच्याकडे जाऊन एक अख्खी संध्याकाळ त्यावर स्वतः पापलेट भाजून पाहा.

ठेवीची मुदत ऑगस्टमध्ये संपते असं तुम्ही लिहिलंय. पूर्ण चार लाखांचं नूतनीकरण करा, पण एका पावतीऐवजी एकेक लाखाच्या चार पावत्या करून घ्या. म्हणजे वादळात एक लाख लागले तर बाकीचे तीन मोडावे लागणार नाहीत.