मधमाश्यांची चावरी पेटी शांत पेटीत मिसळली तर माशा सुधारतेत का?

हो सुधारतेत, पण लगेच नाही. आधी एक बघा, माशा कायमच चावऱ्या हायेत का आत्ताच झाल्यात? आपल्याकडं सूर्यफूल-करडई संपली की मकरंद नसतो, त्यात भर दुपारी पेटी उघडली तर गरीब माशा पण अंगावर येतेत, तेव्हा उगं राणीला, म्हंजे पेटीतल्या सगळ्या माशांच्या आईला, दोष देऊ नका.

कायमच्याच असतील तर आधी चावऱ्या पेटीची राणी शोधून काढून टाका, पोळ्याच्या चौकटींवर राणीघरं (नवी राणी वाढते ती घरं) दिसली तर तीही मोडा. दोन्ही पेट्या लांब असतील तर रोज एक-दोन फूट सरकवत जवळ आणा, एकदम उचलून नेली की चरायला गेलेल्या माशा जुन्याच जागेवर घिरट्या घालतेत. मग संध्याकाळी शांत पेटीचं झाकण काढून तिच्यावर वर्तमानपत्राचा एकच कागद पसरायचा, खिळ्यानं चार-पाच बारीक भोकं पाडायची आन् वर चावऱ्या माशांचा कप्पा ठेवायचा. दोनतीन दिवसात माशा कागद कुरतडतेत तोवर वास एक होतो, मारामारी होत नाही. दारात कागदाचा भुगा पडलेला दिसला की समजायचं जमलं. उन्हाळ्यात शक्यतो नकोच, आणि करायचंच तर वरच्या कप्प्याला हवेला फट ठेवा, मी एकदा विसरलो आन् सकाळी ओंजळभर माशा गुदमरून मेलेल्या.

आठवडाभर उघडून बघू नका. जुन्या चावऱ्या माशा मरून शांत पेटीच्या राणीची पिल्लं यायला दीड-दोन महिने जातेत, तोवर जाळी घालूनच जा.