मिरची पोर्तुगीजांनी आणली, मग नंदुरबारच्या बाजारात तिला आपण म्हणतो ते नावही पोर्तुगीजच का?

नाही, नाव इथलंच आहे, बाहेरून आलं ते फक्त झाड. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळी मिरी. आयुर्वेदातल्या त्रिकटूत सुंठ आणि पिंपळीसोबत असते तीच. मिरचीचं झाड अमेरिका खंडातलं. ते पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात आपल्याकडे पोचलं. या नव्या फळाला नाव हवं होतं आणि तोपर्यंत तिखट म्हटलं की लोकांपुढे मिरीच यायची, म्हणून तिचंच नाव त्याला चिकटलं. जुन्या मसाल्याकडे 'मिरे', 'मिरी' राहिलं, नवा 'मिरची' झाला. तमिळमध्येही हेच घडलं: मिरी म्हणजे 'मिळगू', मिरची म्हणजे 'मिळगाय', म्हणजे मिरीचं फळ. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की खुद्द पोर्तुगीजांनीही मिरीसाठीचा 'पिमेंता' हाच शब्द मिरचीला लावला. नाव दोन्हीकडे एकाच वाटेने गेलं. नंदुरबारच्या पथारींवर आज लालभडक पसरलेली दिसते तिच्या नावात अशी काळी मिरी बसलेली आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या ग्रंथात 'मरिच' दिसलं म्हणून मिरची प्राचीन काळापासून इथे होती असं धरू नका, तिथे मिरीच अभिप्रेत आहे. आणि हा नियम सगळीकडे चालत नाही: बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द खरोखरच पोर्तुगीजांकडून आलेले आहेत.