सगळ्यांकडे तेच असतं तर वाटायचं कशाला?

सई बाळा,

परवा गाडीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर सिग्नल सुटला आणि राहूनच गेलं, म्हणून आता लिहून देते, तेवढंच तुझं मराठी वाचनही होईल. तुझं म्हणणं असं की इकडे अमेरिकेत समोरच्या घरी डिसेंबरात कुकी एक्सचेंज असतं तिथे प्रत्येकजण वेगळी कुकी आणतो म्हणून अदलाबदल करण्यात अर्थ आहे, पण दिवाळीला मिरजेत आजीच्या गल्लीत सगळ्यांच्याच घरी चकली, चिवडा, लाडू, शंकरपाळी आणि करंज्याच असतात, मग तेच पदार्थ ताटात घालून ह्या घरातून त्या घरात कशाला फिरवायचे? प्रश्न एकदम बरोबर आहे. लहानपणी ताटं पोचवायचं काम माझ्याकडेच असायचं, पण मला काही हा प्रश्न पडला नाही, माझं सगळं लक्ष ताट कलून लाडू घरंगळू नयेत ह्याकडे.

कुकी एक्सचेंजचा हिशोब तुला माहितीच आहे. एकेकाने एकच प्रकार भरपूर करून आणायचा, कोणी जिंजरब्रेड, कोणी स्निकरडूडल, कोणी ती आयसिंग लावलेली झाडं आणि तारे, सगळं टेबलावर मांडायचं आणि मग रिकामा डबा घेऊन टेबलाभोवती फिरत प्रत्येकातलं थोडं थोडं उचलायचं, जेवढं आणलं साधारण तेवढंच न्यायचं. मला ही आयडिया खरंच आवडते. ऑफिसमध्ये इयर एंड चालू असताना घरी सहा प्रकार कोण करत बसणार, एक करा आणि सहा घेऊन घरी जा. शिवाय कोणाला काही द्यायचं राहिलं अशी रुखरुख नाही, जो आला त्याला मिळालं, जो नाही आला तो पुढच्या वर्षी येईल.

आपल्याकडे बरोब्बर उलटं. प्रत्येक घराने सगळं करायचं आणि सगळ्यांना द्यायचं.

आता पहिली गोष्ट म्हणजे ते "तेच" तू म्हणतेस तेवढं तेच नसतं गं. आजीच्या मागच्या घरातल्या काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या, त्यांच्या करंजीत ओला नारळ, ती दोन दिवसांत संपवायलाच लागायची, आणि आमच्या करंजीत किसून भाजलेलं सुकं खोबरं आणि खसखस, ती तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यात नीट राहायची. चकलीचं तर विचारूच नकोस. भाजणी म्हणजे तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, धने-जिरे असं वेगवेगळं भाजून गिरणीतून दळून आणायचं, पण कशाचं किती ते ज्या त्या घरचं, आणि कोणी मोहन तेलाचं घालतं कोणी लोण्याचं, त्यामुळे एका घरची चकली तोंडात विरघळते आणि दुसऱ्या घरची दाताला आव्हान देते. ताट आलं की आजी पहिल्यांदा चकलीचा तुकडा मोडून आत नळी पडलीय का बघायची, वरून काटा नीट आलाय का बघायची, मग "मोहन जरा जास्त झालंय" असं म्हणायची आणि तीन चकल्या खायची. हे अख्ख्या गल्लीत चालायचं, म्हणजे आमच्या चकलीबद्दलही कोणीतरी असंच बोलत असणार, आणि ते सगळ्यांना माहीत असायचं, म्हणूनच ताटात जायच्या चकल्या निवडून निवडून घातल्या जायच्या आणि मोडक्या आम्हा पोरांना.

आणि अनारसे फक्त एकाच घरात व्हायचे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग ते वाळवून, कुटून, चाळून त्यात गूळ घालून मुरवत ठेवायचं, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा पसरून विरघळला की संपलं, त्याला अनारसा हसला म्हणतात आणि करणारी बाई मात्र रडकुंडीला आलेली असते. त्या घरचं ताट आलं की आजी अनारसे मोजायची. मोजायची म्हणजे आमच्यापासून लपवायची.

करंज्या तर एकटीने होतच नाहीत. पारी लाटून ठेवली की सुकते, मग कडा चिकटत नाहीत, तळताना करंजी उघडते आणि सगळं सारण तेलात. म्हणून दुपारी जेवणं उरकली की बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे अशा बसायच्या, दोघी लाटणार, एक भरणार, एक तळणार आणि कातण्याने कडा कापायचं काम आम्हा मुलींचं. तेव्हा तू जे ताट म्हणतेस ना, त्यातल्या निम्म्या करंज्या घेणाऱ्या बाईनेच भरलेल्या असायच्या!

पण हे सगळं सांगूनही तुझा प्रश्न थोडा उरतोच, कारण चवीसाठी एखादी चकली पुरते, भरलेलं ताट कशाला. तर ते असं. ज्या घरात त्या वर्षी कोणी वारलेलं असतं त्या घरात सण करत नाहीत, दिवाळीला तिथे कढई चढत नाही. तुझे पणजोबा गेले त्या वर्षी आमच्या घरात भाजणी नाही, पाक नाही, काही नाही, आणि मी तुझ्याहून लहान, मला वाटलं ह्या वर्षी फराळ नाहीच मिळणार. पहिल्या दिवशी सकाळी दार वाजलं, मग वाजतच राहिलं. कोणी काही बोललं नाही, ताट ठेवायचं, आजीशी दोन शब्द, निघायचं. आणि प्रत्येक ताटात सगळं. चकली, चिवडा, लाडू, शेव, करंजी, शंकरपाळी, सगळं. त्या वर्षी आमच्याकडे इतर कुठल्याही वर्षापेक्षा जास्त फराळ होता. आता बघ, प्रत्येकीने एकच पदार्थ केला असता आणि जेवढं द्याल तेवढं न्या असा हिशोब असता, तर ज्या घरात काही केलेलंच नाही त्या घराला काय मिळालं असतं? सगळ्यांकडे सगळं असतं म्हणून ज्याच्याकडे काहीच नाही त्याचंही ताट पूर्ण भरतं. नुकतीच बाळंत झालेली बाई, एकटे राहणारे निवृत्त मास्तर, खोली घेऊन राहणारे कॉलेजचे विद्यार्थी, ह्यांचंही तसंच. कोणी नोंद ठेवत नव्हतं, निदान वहीत तरी नाही. बायकांच्या डोक्यात असेल, ते वेगळं.

समोरच्या बाई पण हे करतात बरं का, फक्त एक्सचेंजच्या बाहेर. कोपऱ्यावरच्या घरातले ते म्हातारे आजोबा कुठे जात नाहीत, त्यांच्या दाराशी त्या दरवर्षी कुकीजचा डबा ठेवून येतात, मी बघितलंय. आणि आपल्या पोस्टवाल्या काकांनाही देतात, ते चालतं, त्यांना रोख पैसे घ्यायला बंदी आहे पण 20 डॉलरच्या आतली छोटी भेट घेता येते. त्यामुळे इकडचे लोक हिशोबी आणि आपले दिलदार असं काही माझं म्हणणं नाहीये, तसं शाळेत सांगू नकोस प्लीज.

तू अजून एक विचारलं होतंस, आजी कोणाचंही ताट रिकामं परत का देत नाही. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही अशीच पद्धत आहे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्याचा परिणाम असा की ताट कधी फिटतच नाही, परत आलेल्या ताटात काहीतरी असतं, मग त्याला परत काहीतरी, असं वर्षभर चालू. म्हणून तर स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरून घेतात, नाहीतर कोणाची वाटी कुठल्या घरी म्हातारी होईल पत्ता लागायचा नाही. आपल्याकडे ती जी निळ्या फुलांची प्लेट आहे ना, ती समोरच्यांची आहे, ती परत न्यायचीय आणि रिकामी न्यायची नाहीये.

आणि डिसेंबरातलं म्हणशील तर मिरजेत तेही होतं. तिथलं मिशन हॉस्पिटल, वॉनलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये सुरू केलेलं, त्यामुळे गावात ख्रिश्चन कुटुंबं बरीच, आणि आजीच्या शाळेतल्या एक शिक्षिका त्यातल्या होत्या. नाताळला त्यांच्याकडून ताट यायचं, त्यात केक तर असायचाच पण बाजूला करंजी, चकली, शंकरपाळी, म्हणजे परत तेच! आपल्याकडचे मराठी ख्रिश्चन नाताळला फराळच करतात. गोव्यात नाताळच्या गोडाच्या ताटाला कुस्वार म्हणतात, त्यात कुलकुल, दोदोल, बिबिंका आणि नेवऱ्या, आणि नेवरी म्हणजे आपल्या करंजीचीच बहीण, तिथले हिंदू ती चतुर्थीला करतात. चतुर्थीला ह्यांच्याकडून त्यांच्याकडे जाते आणि नाताळला त्यांच्याकडून ह्यांच्याकडे येते.

आता राहिलं समोरच्या एक्सचेंजला आपण काय न्यायचं. तू चॉकलेट चिप म्हणालीस, ते दुसरं कोणीतरी आणणारच आहे. मी म्हणते नानखटाई नेऊ. तेव्हा आमच्या कोणाच्याच घरी ओव्हन नव्हता, त्यामुळे बिस्किटं आणि नानखटाई भट्टीवर जाऊन भाजून आणायची पद्धत होती. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं डब्यात घालून बेकरीत न्यायचं, तिथला माणूस मळून द्यायचा, काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लावून भट्टीत सरकवायचा आणि किलोवर मजुरी घ्यायचा. मला तिथे राखणीला बसवायचे, का तर आपलं साजूक तूप आणि दुसऱ्याचा डालडा ह्यांची अदलाबदल होऊ नये. ती एक्सचेंज कोणालाच नको असायची. तिथल्या बाकावर बसून मी जेवढी गरम बिस्किटं खाल्लीत ना, घरी येणाऱ्या पत्र्याच्या डब्यात तेवढी कमी भरायची.

नानखटाई मूळची सुरतेकडची म्हणतात, 17व्या शतकात तिथे डचांची वखार होती आणि त्यांच्याच भट्टीतून ती पुढे आली असं सांगतात, आणि अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बाजूला कुकीज आणल्या त्याही डचांनीच. म्हणजे त्या टेबलावर आपली नानखटाई काही अगदीच पाहुणी नसेल.

शनिवारी सकाळी करू. तूप आणि पिठीसाखर पांढरं हलकं होईपर्यंत फेसायचं, हे तुझं काम, हात दुखला की मला दे. मग मैदा, त्याच्या पाव भाग बेसन, थोडा बारीक रवा, वेलची, चिमूटभर मीठ आणि अगदी थोडी बेकिंग पावडर, पाणी अजिबात नाही, नुसतं गोळा होईपर्यंत एकत्र करायचं, जास्त मळायचं नाही. ओव्हन 350 डिग्री फॅरनहाइटला, साधारण 15 मिनिटं, कडा किंचित रंगल्या की बाहेर. गरम असताना मऊ लागतात म्हणून कच्च्या राहिल्या असं समजून परत आत टाकू नकोस, गार झाल्या की खुसखुशीत होतात. अंडं नाहीये त्यामुळे आजी व्हिडिओ कॉलवर खूश होईल, कॉल मात्र सकाळी लाव, तिकडे आपल्यापुढे साडेअकरा तास आहेत, दुपारी केलास तर ती झोपलेली असेल.

वर बदामाचा काप लावायचा असतो पण ह्या वेळी नको, तुझ्या वर्गातल्या त्या मुलाला नट्सची ॲलर्जी आहे आणि तोही आईबरोबर येणार आहे. डब्यावर चिठ्ठी लाव, गहू, बेसन, तूप, वेलची असं इंग्लिशमध्ये नीट लिही, तूप म्हणजे दुधाचं आहे हेही लिही. आणि कोपऱ्यावरच्या आजोबांसाठी थोड्या आधीच बाजूला काढून ठेव, एक्सचेंजच्या टेबलावर मांडल्या की मग उरत नाहीत.

आई