एचटीएमएलचे व्हिडिओ समजतात, पण स्वतः पान लिहायला बसलं की काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की प्रोग्रामिंगचा गंध नाही, एचटीएमएलचे चार-पाच व्हिडिओ पाहून झालेत, पाहताना सगळं कळतं, पण कोरी फाईल समोर आली की हात चालत नाही. स्वतःचं साधं वेबपेज बनवायचं तर काय शिकायचं आणि कोणत्या क्रमानं, हा तुमचा प्रश्न.

एक भीती आधी काढून टाकते. एचटीएमएल ही प्रोग्रामिंगची भाषा नाही. तिच्यात हिशेब नाही, अट नाही, तर्काची साखळी नाही. मजकुरातला कोणता भाग काय आहे, एवढंच ती ब्राउझरला सांगते. व्हिडिओ पाहून हात चालत नाही तो याचमुळे. तिथं टॅग, म्हणजे हा भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा, शिकवतात, पण मजकूर नावापुरता असतो: 'हे हेडिंग आहे', 'हा परिच्छेद आहे'. खुणा करायच्या तर ज्यावर करायच्या तो मजकूर हातात हवा, आणि तो तुमचा हवा.

म्हणून कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागद घ्या. तुम्हाला नीट येत असलेल्या एखाद्या गोष्टीवर पानभर लिहा. सायकलचं पंक्चर कसं काढायचं, हा विषय मी नवशिक्यांना नेहमी देते, कारण त्यात सगळं येतं. वर शीर्षक. मग दोन ओळींची प्रस्तावना. मग लागणारं साहित्य: टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, सँडपेपर, पाण्याची बादली. मग कृती: टायर उचकटून ट्यूब बाहेर काढा, हवा भरून पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथं खूण करा, जागा कोरडी करून घासा, सोल्युशन लावून थोडं सुकू द्या, पॅच दाबून बसवा. मध्ये एक सूचना: ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा अडकलेला नाही ना ते पाहा.

आता पेन्सिल घेऊन समासात लिहीत जा: हे मुख्य शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे उपशीर्षक. साहित्याच्या यादीपाशी थांबा. यातल्या वस्तूंचा क्रम बदलला तर काही बिघडतं का? नाही. कृतीच्या पायऱ्यांचा क्रम बदलला तर? सगळंच बिघडतं. म्हणजे या दोन याद्या दिसायला सारख्या असल्या तरी जातीनं वेगळ्या आहेत. एचटीएमएलमध्येही त्यांचे टॅग वेगळे आहेत, क्रम नसलेल्या यादीला 'यूएल' आणि क्रमाच्या यादीला 'ओएल', आणि दोन्हींतली प्रत्येक नोंद 'एलआय'. हा फरक पेन्सिल हातात असताना कळला की टॅग पाठ करावे लागत नाहीत. 'मार्कअप' हा शब्दही इथूनच आला आहे. छापखान्यात हस्तलिखित जाण्याआधी संपादक समासात अशाच खुणा करत, म्हणजे अक्षरं जुळवणाऱ्याला कळे की हे शीर्षक, हा नवा परिच्छेद.

आता टायपिंगकडे. (टॅगची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. फाईलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.) गणितातली 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठा' ही चिन्हं कंसासारखी वापरून मध्ये टॅगचं नाव लिहिलं की टॅग उघडतो. तोच टॅग नावाआधी तिरकी रेघ देऊन लिहिला की बंद होतो. परिच्छेद म्हणजे 'पी' उघडा, मजकूर लिहा, 'पी' बंद करा. मुख्य शीर्षकाला 'एच१', त्याखालच्या उपशीर्षकांना 'एच२', आणि असं 'एच६' पर्यंत. महत्त्वाच्या सूचनेला 'स्ट्राँग'. लिंकला 'ए', चित्राला 'आयएमजी'. आजच्या एचटीएमएलमध्ये शंभरावर टॅग आहेत, पण पहिल्या पाच पानांना पंधरा-वीस पुरतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्न या प्रयोगशाळेत असताना मांडलेली पहिली यादी तर १८ टॅगांची होती. शीर्षक, परिच्छेद, यादी आणि लिंक यांचे टॅग तेव्हापासून आजवर टिकून आहेत. चित्राचा टॅग त्या यादीत नव्हता, तो १९९३ मध्ये 'मोझॅक' हा ब्राउझर बनवणाऱ्यांपैकी एक, मार्क अँड्रीसन यांनी सुचवला.

फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहा, वर्ड प्रोसेसरमध्ये नको. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकतो. ब्राउझर ती अवतरणं मानत नाही, आणि मग लिंक भलत्याच पत्त्यावर जाते. फाईलचं नाव 'इंडेक्स' आणि एक्स्टेन्शन 'एचटीएमएल' ठेवा. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर ती सेटिंग आधी बदला, नाहीतर फाईल 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' या नावानं सेव्ह होते आणि ब्राउझरऐवजी नोटपॅडमध्येच उघडत राहते. फाईल ब्राउझरमध्ये उघडा, बाजूला एडिटर ठेवा. एक ओळ लिहा, सेव्ह करा, रिफ्रेश करा, बघा. पुन्हा एक ओळ. ही लय हातात बसू द्या.

फाईलच्या सुरुवातीला चार-पाच ठरलेल्या ओळी येतात आणि बहुतेक जण त्या न समजता चिकटवतात. त्यातली प्रत्येक ओळ एकदा मुद्दाम काढून काय बिघडतं ते पाहण्यासारखं आहे. सर्वांत वरची 'डॉकटाइप'ची ओळ काढली तर ब्राउझर जुन्या पानांसाठी राखलेल्या पद्धतीनं पान मांडतो. साध्या पानात फरक दिसणार नाही, पण पुढं सीएसएस (पानाचं दिसणं ठरवणारी भाषा) लिहाल तेव्हा मापं चुकू लागतील. 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ काढली तर मोबाइलचे ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतात आणि मग आकसून दाखवतात, अक्षरं मुंगीएवढी होतात. 'एचटीएमएल' टॅगमध्ये 'लँग' लिहून मराठीसाठी 'एमआर' दिलं की पान मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला कळतं की मराठी आवाज वापरायचा आहे.

आणि 'कॅरसेट', म्हणजे फाईलमधली अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवली आहेत ते सांगणारी ओळ. मराठीत पान लिहिणाऱ्यानं ही ओळ कधीही विसरू नये. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी वेगळे मोजून पाच चिन्हं आहेत, म्हणजे १५ बाइट. 'कॅरसेट' सांगितलं नाही आणि ब्राउझरनं पाश्चात्त्य अक्षरसंच धरून वाचायला घेतलं, तर तो प्रत्येक बाइटला एक वेगळं अक्षर समजतो. मग 'मराठी'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पाच वेळा दिसतो आणि प्रत्येकामागे एक-दोन विचित्र चिन्हं. असा कचरा दिसला की घाबरू नका, तुमचा मजकूर शाबूत आहे, तो फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. 'हेड' हा पानाची माहिती ठेवणारा टॅग उघडल्यावर पहिलीच ओळ 'कॅरसेट'ची ठेवा. नियमानुसार ती फाईलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवी.

आता जे मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचंय ते. ब्राउझर तुम्हाला चूक सांगत नाही. तो काहीही लिहिलेलं कसंबसं समजून घेऊन पान दाखवतोच. नवशिक्याला हे सोयीचं वाटतं, पण शिकण्यातली खरी अडचण हीच आहे. 'स्ट्राँग' बंद करायचा राहिला तर तिथून खालचं सगळं पान ठळक होतं, हे निदान दिसतं तरी. माझ्या तिसऱ्या की चौथ्या पानात एका फोटोखालचे तीन परिच्छेद नाहीसे झाले. फोटो व्यवस्थित दिसत होता. परिच्छेदांच्या खाली एक लिंक होती, तिचे शब्द दिसत होते पण क्लिक होत नव्हते. फाईलमध्ये मजकूर जागच्या जागी होता. दोन तास मी त्या परिच्छेदांचेच टॅग पुन्हा पुन्हा तपासत बसले.

चूक वरच्या ओळीत होती. फोटोच्या 'ऑल्ट'मध्ये वर्णन लिहिताना शेवटचं अवतरणचिन्ह राहून गेलं होतं. ब्राउझर ते चिन्ह शोधत पुढं पुढं गेला. त्याला पुढचं अवतरणचिन्ह भेटलं ते थेट लिंकच्या पत्त्यात. तोवरचा सगळा मजकूर, तीन परिच्छेद आणि लिंकचा उघडणारा टॅग, त्यानं फोटोचं वर्णन म्हणून गिळला होता. म्हणून परिच्छेद गायब, आणि लिंकचे शब्द उरले पण लिंक मेली. त्या दिवसापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. जिथं बिघाड दिसतो त्याच्या वर बघायचं. आणि अवतरणं व टॅग जोडीनं आधी टाइप करून मग मध्ये मजकूर भरायचा. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा व्हॅलिडेटर मोफत आहे, त्यात फाईल टाकली की तो ओळ क्रमांकासह चुका सांगतो. पहिल्या दिवसापासून वापरा. त्यातली एक चूक दुरुस्त केली की खालच्या दहा आपोआप जातात, म्हणून यादी वरून सोडवत या.

काही चुका मात्र व्हॅलिडेटरही पकडत नाही. मी एकदा बारा भागांचं लांबलचक माहितीपान लिहिलं होतं. उपशीर्षकं हवी तशी मोठी दिसत नव्हती म्हणून मी 'एच२' न वापरता साधे परिच्छेद घेतले आणि अक्षर मोठं, ठळक केलं. दिसायला पान छान होतं. ओळखीच्या एक बाई, ज्यांना दिसत नाही, ते पान एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पान मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकत होत्या. त्यात 'एच' ही कळ दाबली की वाचन पुढच्या हेडिंगवर उडी मारतं. त्यांनी कळ दाबली, उत्तर आलं की पुढं हेडिंग नाही. पुन्हा दाबली, तेच. त्यांना हवा होता नववा भाग, आणि त्यासाठी त्यांना आधीचे आठ भाग ऐकावे लागले. मी शेजारी बसून होते. घरी येऊन त्या बारा ओळींना 'एच२' लावलं, त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यामुळे टॅग निवडताना 'हे कसं दिसेल' हा प्रश्न मनात आला की तो बाजूला ठेवा आणि 'हे काय आहे' एवढंच विचारा. दिसण्याचं काम सीएसएस करतं, ते नंतर. फोटोच्या 'ऑल्ट'मध्येही 'सायकलचा फोटो' लिहू नका. 'पाण्यात बुडवलेल्या ट्यूबमधून एका जागी निघणारे बुडबुडे' लिहा, कारण वाचकाला त्या फोटोतून तेच कळायचं आहे. 'टेबल' रकान्यांत बसणाऱ्या माहितीसाठीच वापरा, पान मांडायला नको. आणि एखादा धडा 'फाँट' किंवा 'सेंटर' टॅग शिकवायला लागला तर तो सोडून द्या, तो फार जुना आहे.

दुसऱ्या कुणाचं पान आवडलं तर कंट्रोल आणि यू दाबून त्याचा सोर्स पाहता येतो, पण आजच्या मोठ्या साइट्सचा सोर्स यंत्रानं तयार केलेला असतो, तो बघून धीर खचतो. साधी, मजकूरप्रधान पानं निवडा. वेबवरचं पहिलं पान सर्ननं जुन्या पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून ठेवलंय, त्याचा सोर्स जरूर वाचा. तुम्ही आठवड्यात शिकाल त्याहून त्यात फारसं जास्त काही नाही, आणि ते आजच्या मोबाइलवरही उघडतं.

तीन पानं झाली की ती एकमेकांना लिंकनं जोडा, मग सीएसएस हाती घ्या. एमडीएन या वेबतंत्राची माहिती देणाऱ्या साइटवरचे धडे त्यासाठी चांगले आहेत. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव दोन महिने तरी काढू नका. पानं जगाला दाखवायची असतील तर गिटहब पेजेसवर ती फुकट ठेवता येतात. तिथं चढवल्यावर तुमच्या कॉम्प्युटरवर दिसणारा फोटो दिसेनासा झाला, तर फाईलच्या नावातलं लहान-मोठं रोमन अक्षर तपासा. विंडोजला त्यानं फरक पडत नाही, बहुतेक सर्व्हरना पडतो. फोटो तरीही येत नसेल तर 'आयएमजी'ची ती एक ओळ आणि फोल्डरमधल्या फाईलींची नावं इथं कमेंटमध्ये टाका, मी बघते.