काकांचे उपकार आणि आईची जागा

प्रिय वाचक,

पुण्यात काकांच्या घरी राहून, त्यांनीच भरलेल्या फीवर तुम्ही इंग्रजीत एम. ए. करत आहात. दिवाळीत गावाहून आलेली आई पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेली, तेव्हा तिला कोणी थांबवले नाही आणि मैत्रिणी आल्यावर तुम्हीही तिला बाहेर बोलावले नाही. त्सित्सी डांगारेंबगा यांची ‘नर्व्हस कंडिशन्स’ (१९८८) ही कादंबरी अभ्यासाला लागल्यापासून काकांमध्ये तुम्हाला तिच्यातले काका, बाबामुकुरू, दिसतात, आणि वसतिगृहात जाणे कृतघ्नपणाचे ठरेल का, असे तुम्ही विचारता.

ठरणार नाही. मात्र कादंबरीशी तुम्ही जोडलेले साम्य मला अर्धवट वाटते. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक असलेले बाबामुकुरू पुतणी तांबू हिच्या शिक्षणाचा भार उचलतात, म्हणून तांबूचे वडील त्यांच्यासमोर तोंड उघडत नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तांबूच्या आईवडिलांचे चर्चमध्ये लग्न लावायचे, हेही तेच ठरवतात, आणि तांबू त्या लग्नाला गेली नाही म्हणून तिला पंधरा फटके बसतात. पण मिशनऱ्यांनी वर काढलेला गुणी मुलगा म्हणून वागत राहण्याचे ओझे त्यांच्याही मानेवर आहेच. शिवाय त्याच घरात न्हामो आहे. मिशनमध्ये शिकणाऱ्या तांबूच्या या भावाला सुटीत घरी आल्यावर शोना ही मातृभाषा बोलता येईनासे होते आणि बसपासून त्याचे सामान बहिणींनी वाहून आणायचे असते. तुमच्या पत्रात मला काकांपेक्षा न्हामोच अधिक दिसला. हे कटू वाटेल, पण मैत्रिणी आल्यावर आईला बाहेर न बोलावल्याचे ते वाक्य तुम्हीच, कोणी न विचारता, लिहिले आहे.

तांबू कॉन्व्हेंटमध्ये जाणार असे ठरते, तेव्हा तिची आई अंथरूण धरते आणि तिला उठवते ती आईचीच बहीण लुसिया. (वर्गात हा भाग बहुधा घाईने उरकला जातो.) म्हणून आधी गावी जाऊन आईशी बोला. कादंबरी आणि काका यांचा विषय न काढता, त्या दिवशी तिला बाहेर बोलावले नाही याबद्दल तिची माफी मागा.

वसतिगृहाचे मात्र काकांना स्वतःच सांगा. वडिलांकरवी निरोप धाडलात, तर भावाचा राग त्यांना झेलावा लागेल आणि ते उलट बोलू शकणार नाहीत. फी पुढेही भरणार का, हे काकांना स्पष्ट विचारा. त्याआधी विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करून ठेवा, म्हणजे उत्तर नकारार्थी आले तरी तुम्हाला ठरलेला बेत बदलावा लागणार नाही.